चित्रात काटा कुठं आहे?



समुद्रपूरला आमचं दोन खोल्यांचं कार्यालय आहे. त्याच्या बाहेरच्या खोलीत एक जुनं कॅलेंडर टांगलेलं आहे. त्याचं वर्ष केव्हाच सरलं, पण ते काढायचं कुणाच्या मनात येत नाही. नेदरलँड्सहून काम बघायला आलेल्या एका पाहुणीनं जाताना ते भेट दिलं होतं. महिन्याला एक, अशी बारा चित्रं. सगळी काळ्या शाईतली, साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली. झाडं, गवती छपराची घरं, पवनचक्क्या, ओढ्यावरचा लाकडी पूल, आणि वर भलंमोठं आभाळ. खेडं, पण आपल्या खेड्यासारखं नाही. शांत.

एकदा कापूस वेचणाऱ्या बायकांची बैठक होती. बैठक सुरू व्हायची होती. एक म्हातारी बाई चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ त्या कॅलेंडरपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "हे कोनतं गाव होय, ताई?"

मी म्हटलं, "हॉलंडमधलं आहे, आजी. खूप लांब आहे."

"ते असू दे. पन यातली मानसं कुठी गेली?"

मी जवळ जाऊन पाहिलं. माणसं होती. पण तिळाएवढी. शेतात वाकलेले दोन ठिपके, पुलावर एक ठिपका. आभाळाला अर्ध्याहून जास्त कागद, आणि राबणाऱ्याला तीळभर जागा.

मला चित्रकलेतलं फारसं कळत नाही हे आधीच सांगून टाकते. नागपूरला एम.एस.डब्ल्यू. करताना गटकार्य शिकले, समुदाय संघटन शिकले, प्रश्नावली कशी भरून घ्यायची ते शिकले. चित्र कसं पाहावं हे कुणी शिकवलं नाही. पण आजीचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून जमेल तसं वाचत गेले. आता एक सोय झाली आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं आपल्याकडची चित्रं इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळी ठेवली आहेत. मोबाइलवर बोटानं मोठी करत गेलं की तीळ फुटतो आणि त्यातून माणूस निघतो.

ही चित्रं काढली कुणासाठी, हे आधी बघू. १६१२ च्या सुमारास क्लास फिस्सर या चित्रकार-प्रकाशकानं हार्लेम शहराबाहेरच्या जागांची एक छोटी मालिका छापली. नाव होतं 'रम्य स्थळं'. त्यातल्या एका पानावर त्यानं गिऱ्हाइकाला उद्देशून मजकूर घातला होता. ज्यांना लांबच्या प्रवासाला सवड नाही अशा रसिकांनी ही स्थळं घरबसल्या पाहावीत आणि फार विचार न करता विकत घ्यावीत, असा त्याचा मतलब. म्हणजे सरळ जाहिरातच. आणि सवड नाही म्हणजे कुणाला? व्यापाऱ्याला, कारखानदाराला, वकिलाला. स्पेनशी चाललेल्या युद्धात १६०९ साली बारा वर्षांचा तह झाला होता. वेशीबाहेर फिरायला जाणं आता धोक्याचं राहिलं नव्हतं. शहरात पैसा खेळत होता. ज्यांना तैलचित्र परवडत नव्हतं त्यांनाही छापील चित्र परवडत होतं. खेडं विकत घेऊन भिंतीवर लावता येऊ लागलं.

तेव्हा खेडं खरोखरही विकत घेतलं जात होतंच. अ‍ॅमस्टरडॅमच्या श्रीमंत व्यापाऱ्यांनी पैसे घालून बेम्स्टर नावाचं एक मोठं तळं उपसून काढलं. चाळीसहून अधिक पवनचक्क्या पाणी ओढत होत्या. १६१२ साली तळाची जमीन उघडी पडली, तिचे चौकोनी तुकडे पाडले गेले आणि ते भांडवल घालणाऱ्यांच्या वाट्याला आले. कसायला कुळं आली. चित्रातल्या ज्या पवनचक्कीकडे बघून आपण "किती छान" म्हणतो, ती अनेकदा कुणाची तरी गुंतवणूक होती.

'रम्य स्थळं'मध्ये एक चित्र वाळूच्या टेकड्यांशेजारच्या एका मोकळ्या जागेचं आहे. ही तागाचं कापड पांढरं करायची जागा. हार्लेम त्यासाठी प्रसिद्ध होतं. कापड राखेच्या पाण्यात उकळायचं, ताकात भिजवायचं, धुवायचं, गवतावर उन्हात पसरायचं, सुकू लागलं की पुन्हा पाणी शिंपडायचं. हे महिनोन्‌महिने चालायचं. (ताकात कापड भिजवतात हे ऐकून आमच्या बैठकीत जी हळहळ झाली ती सांगायला नको.) या कामात हंगामापुरत्या लावलेल्या बायका-मुली मोठ्या संख्येनं होत्या. दिवसभर पाण्यात हात, पाठीवर ऊन, वाकून काम. चित्रात काय दिसतं? गवतावर पांढऱ्या पट्ट्या. छान नक्षी दिसते. बाई त्या नक्षीचा एक ठिपका.

आता रेम्ब्रांटचं एक चित्र सांगते, कारण ते मला सगळ्यात जास्त बोचलं. १६४३ सालचं आहे, 'तीन झाडं' या नावानं ओळखलं जातं. उंचवट्यावर तीन झाडं, वादळी आभाळ, लांबवर अ‍ॅमस्टरडॅम. नुसतं बघितलं तर एवढंच. मोठं करून बघितलं तर डावीकडे पाण्याकाठी एक माणूस गळ टाकून बसलाय, शेजारी त्याची बाई. मागच्या सपाट शेतांत गुरं आणि बारीक बारीक माणसं. उजवीकडे झुडपात लपलेलं एक जोडपं. वर उंचवट्यावर माणसं भरलेली एक गाडी. आणि तिथंच, टेकाडावर, एक माणूस चित्र काढत बसलाय. शेतातली माणसं, मासे धरणारा माणूस त्याच्या मागं राहिली आहेत. तो भलतीकडेच बघतोय.

तो टेकाडावरचा माणूस बघून मला माझा एम.एस.डब्ल्यू.चा प्रबंध आठवला. शेतमजूर स्त्रियांच्या समस्या असा विषय होता. मुखपृष्ठावर मी डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या बाईचं छायाचित्र लावलं होतं. मागून काढलेलं. तिला विचारलंही नव्हतं. मार्गदर्शकांनी शाबासकी दिली, म्हणाले, फार बोलकं चित्र आहे. ती बाई मात्र त्यात बोलत नव्हती. तिचं तोंडच दिसत नव्हतं.

मला या डच चित्रांना नावं ठेवायची नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. देव नाही, राजा नाही, लढाई नाही, साधी पांदण, साधं कुंपण, मोडकं छप्पर हाच चित्राचा विषय होऊ शकतो, ही हिंमत त्यांनी केली. हार्लेमच्याच आड्रियान फान ओस्टाडनं तर शेतकऱ्यांच्या घरात शिरून चित्रं कोरली. १६५२ च्या एका चित्रात घराबाहेर बसून सूत कातणारी बाई आहे. वर्ध्याच्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटते. पण याच ओस्टाडनं आधीच्या काळात खेडूत रंगवले ते दारू पिऊन भांडणारे, वेडेवाकडे; आणि नंतर रंगवले ते चुलीपाशी बसलेले, गुणी, समाधानी. शहरातल्या गिऱ्हाइकाला गरीब एक तर हसण्यासाठी हवा असतो, नाहीतर गोड वाटून घेण्यासाठी. आपल्या हिंदी-मराठी सिनेमातलं खेडं आठवून बघा.

आणि आपल्या शाळा? आमच्या भागातल्या कुठल्याही शाळेत पोरींना "गावाचं चित्र काढा" म्हणा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघणारी नदी, उतरत्या छपराचं झोपडं आणि शेजारी नारळाचं झाड. समुद्रपूर तालुक्यात नारळ? गिरडची टेकडी सोडली तर इकडे सगळी सपाट काळी जमीन, पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. टिनाच्या छपराखाली राहणारी मजुराची पोरसुद्धा आपलं गाव म्हणून दुसऱ्याच कुणाचं तरी गाव काढते. त्यात बाई असलीच तर डोक्यावर घागर. ती घागर कुठून, किती लांबून आणि कुणाच्या विहिरीवरून आली, हे त्या चित्रात मावत नाही.

ही सवय एका दिवसात लागलेली नाही. १९२० साली ऑटो रॉथफेल्ड या गोऱ्या सनदी अधिकाऱ्यानं भारतातल्या स्त्रियांवर एक पुस्तक काढलं. त्यातली रंगीत चित्रं म. वि. धुरंधरांची. धुरंधर मोठे चित्रकार, त्यांचा हात सुंदर. पण त्या चित्रांतल्या बाईची ओळख म्हणजे तिची जात, तिचा प्रांत, तिचा धंदा. जणू फुलपाखरं टाचून ठेवली आहेत. जातीप्रमाणे लुगडं, जातीप्रमाणे दागिने. आणि राबणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरसुद्धा थकवा दिसत नाही.

दुसरी वाटही होती, आणि ती आपल्या जिल्ह्यावरून गेली. १९३६ साली गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले. काँग्रेसचं अधिवेशन खेड्यात भरवायचं असा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी खानदेशात फैजपूरला आणि १९३८ मध्ये गुजरातेत हरिपुऱ्याला त्यांनी सजावटीसाठी नंदलाल बोसांना बोलावलं. हरिपुऱ्याला बोसांनी शिंपी, पिंजारी, वादक, मल्ल, कडेवर मूल घेतलेली आई अशी चित्रं हातकागदावर काढून अधिवेशनाच्या नगरात लावली. माणूस कागदभर मोठा झाला, आणि चित्र पाहणारा खेडूतच होता. ही मोठीच गोष्ट. तरी मला एक खटकतं. त्या खेड्यात प्रत्येकजण आपापल्या कामात रमलेला आहे, पण कुणी कुणाचा मजूर नाही, कुणी कुणाचा मालक नाही. सावकार तर नाहीच.

तो सगळा हिशेब चित्तप्रसादनं मांडला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात तो गावोगाव पायी फिरला, मरणाऱ्या माणसांची शाईनं चित्रं काढली. 'हंग्री बेंगॉल' ही त्याची पुस्तिका इंग्रज सरकारनं जप्त करून जाळली. १९४६ साली तो मुंबईला आला आणि पुढची अनेक वर्षं अंधेरीत राहून लिनोलियमवर चित्रं कोरत राहिला. शेतकरी, मजूर, कामाला जुंपलेली मुलं. लिनो स्वस्त आणि त्यावरून कितीही प्रती निघतात, म्हणजे चित्र मजुराच्या घरापर्यंत पोचू शकतं, हा त्यामागचा विचार. त्याच्या चित्रातली माणसं तिळाएवढी नाहीत. त्यांचे हात तर त्यांच्या अंगाहून मोठे वाटतात.

एवढं पुराण सांगायचं कारण आमचं स्वतःचं कॅलेंडर. दोन वर्षांपूर्वी संस्थेनं ठरवलं की आपणही एक छापायचं. निधी देणाऱ्यांना द्यायला बरं, बचत गटांच्या भिंतींवरही लागेल. शहरातून एक छायाचित्रकार बोलावला. हंगाम वेचणीचा होता. ज्यांनी वेचणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: पऱ्हाटीची वाळलेली बोंडं हात सोलून काढतात, म्हणून बायका साडीवर नवऱ्याचा किंवा पोराचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात. डोक्याला फडकं गुंडाळतात. कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधतात आणि वेचलेला कापूस तिच्यात टाकत जातात. दुपारपर्यंत ओटी भरली की बाई आठ महिन्यांच्या पोटुशीसारखी दिसते.

छायाचित्रकार सज्जन माणूस. त्यानं नम्रपणे विनंती केली, "ताई, ते शर्ट जरा काढून ठेवता येतील का? रंग उठत नाहीत." बायकांनी शर्ट काढले. दहा मिनिटांनी एकीच्या दंडावर रक्ताची रेघ उठली होती. छायाचित्रं मात्र अप्रतिम आली. पांढरा कापूस, निळं आभाळ, लाल-हिरव्या साड्या. ती बघून मला पहिल्यांदा शरम वाटली, कारण मीही तिथं उभी होते आणि "काढा हो, दोनच मिनिटं" म्हणाले होते.

ती छायाचित्रं आम्ही बैठकीत दाखवली. बायका हसल्या, एकमेकींना ओळखलं, "रूप आलं व तुले" झालं. मग तीच आजी म्हणाली, "काटा नाई दिसून राहिला याच्यात."

इथं मी जरा थांबते, कारण आपल्या वाचक मैत्रिणींपैकी कोकणातल्या किंवा मुंबईतल्या काहीजणींना हे कळणार नाही. वेचणीची मजुरी रोजावर कमी, किलोवर जास्त. दिवसभर वेचलेला कापूस संध्याकाळी धुऱ्यावर, नाहीतर मालकाच्या अंगणात तोलला जातो. अडकवायचा काटा असतो, तो मालकाचा. वाचणारा मालकाचा माणूस, लिहिणाराही तोच. काटा मारला जातो हे सगळ्यांना माहीत. कुणी दव धरलेला कापूस म्हणून किलोभर कापतं, कुणी गाठोड्याच्या फडक्याचं वजन म्हणून कापतं, कुणी आकडा वाचतानाच खाली वाचतं. बाईला आकडा दिसत नाही, कारण ती त्या वेळी गाठोडं उचलून धरत असते.

दिवसभराचं सगळं शोषण त्या दहा मिनिटांत आहे. आणि आमच्या बारा छायाचित्रांत ती दहा मिनिटं नव्हती.

गंमत बघा, रेम्ब्रांटचं १६५१ सालचं एक चित्र 'सोनं तोलणाऱ्याचं शेत' म्हणून ओळखलं जातं. हार्लेमजवळची पसरलेली जमीन, मध्ये एका धनिकाची वाडी, कापड पांढरं करायची मैदानं, लांबवर शहर. नाव चुकून पडलेलं आहे असं अभ्यासक सांगतात. ती वाडी सोनं तोलणाऱ्याची नव्हे, क्रिस्टोफेल थेइस या गृहस्थाची. या थेइसकडून रेम्ब्रांटनं १६३९ मध्ये तेरा हजार गिल्डरला घर घेतलं होतं आणि त्याचे पैसे फेडणं झालेलं नव्हतं. १६५६ साली रेम्ब्रांटचं दिवाळं निघालं. म्हणजे हे 'रम्य स्थळ' सावकाराच्या जमिनीचं आहे, काढणारा कर्जदार आहे, आणि मैदानात राबणारी माणसं ठिपके आहेत. चित्रात यातलं काहीच लिहिलेलं नाही. कापसाला आपल्याकडे पांढरं सोनं म्हणतात. तोलणाऱ्याचं शेत हे नाव मला तरी चुकीचं वाटत नाही.

आम्ही छायाचित्रं बाजूला ठेवली. वरिष्ठांची थोडी नाराजी झाली, खर्च झाला होता. गटातल्या एका बाईच्या मुलीनं इंटरमिजिएटची चित्रकलेची परीक्षा दिली होती, तिला बसवलं. नोव्हेंबरच्या पानासाठी काट्याचं चित्र. शर्ट घातलेल्या बायका, ओट्या, काटा धरलेला माणूस. पोरीनं विचारलं, काट्यावर आकडा कोणता काढू? यावर जो वाद झाला तो तासभर चालला. "वीस लिही." "वीस खरा की मारलेला?" "खरा तं बावीस असन." "मंग बावीस लिही अन् वहीत वीस लिही." अशा रीतीनं चित्रात काट्यावर बावीस आणि मुकादमाच्या वहीत वीस आलं. आमच्या जाणीवजागृतीच्या शिबिरांत इतक्या वर्षांत इतकी बारीक चर्चा झाली नव्हती.

त्या चर्चेतूनच पुढचं निघालं. वैध मापन कायदा २००९ चा आहे. त्यातल्या व्यवहाराच्या व्याख्येत नुसती खरेदी-विक्री नाही, केलेल्या कामाचं आणि देय मजुरीचं मोजमापही येतं. म्हणजे मजुरीसाठी वापरलेला काटाही तपासलेला, शिक्का मारलेला असला पाहिजे असं म्हणता येतं. हे मला एम.एस.डब्ल्यू.त शिकवलं नव्हतं, एका बाईनं "सरकारचा काटा नसते का?" असं विचारलं म्हणून मी शोधलं. बायकांनी गटाच्या पैशातून एक काटा घेतला. मालकाच्या काट्यानंतर लगेच आपल्या काट्यावर, सगळ्यांसमोर. पहिल्याच आठवड्यात एका शेतावर त्यांना कामावरून बंद केलं. पण फुटलेला कापूस थांबत नाही, वर ढग आले होते. पाचव्या दिवशी बोलावणं आलं.

सगळं असं सरळ झालं नाही. कॅलेंडर पाहून एक शेतकरी कार्यालयात आला आणि फार रागावून बोलला. चार एकर कोरडवाहू. "मी काटा मारतो म्हनता. माह्या कापसाले व्यापारी मारते तो काटा कोन्या चित्रात हाय?" त्याचं खोटं नव्हतं. ज्या जिल्ह्यात कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिले, तिथं चार एकरवाल्याला आणि पन्नास एकरवाल्याला एकाच चित्रात काटा धरायला लावणं बरोबर नाही. आम्ही त्याचं ऐकून घेतलं. बायकांनीही ऐकलं. एक मात्र म्हणाली, "तुमाले व्यापारी मारते म्हनून तुमी आमाले मारान का?" त्यावर तो गप्प बसला.

त्याच्यासोबत त्याची बायको आली होती, ती सगळा वेळ दारात उभी होती. जाताना तिनं नोव्हेंबरचं पान नीट पाहिलं. म्हणाली, "मी बी वेचतो ना रोज. माह्या कापूस कोनी तोलत नाई." तिचं नाव सातबाऱ्यावर नाही, मजुरांच्या वहीतही नाही. तिचा वेचलेला कापूस सरळ घरच्या गंजीत पडतो. १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हटलं. या बाईच्या घरापर्यंत ती पोचलेली नव्हती.

पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरात तिला घ्यायचं हे नक्की आहे. काट्याच्या कुठल्या बाजूला उभं करायचं, यावर आमच्या दोन बैठका झाल्या, अजून ठरलेलं नाही.